उताराचा आवाज

दिघोरीत डोमा नावाची माणसं बरीच होती. एक मासे धरायचा, एक पडक्या विहिरीजवळ राहायचा म्हणून विहिरीचा डोमा झाला होता. पण कोणी नुसतं "डोमा" म्हटलं की तो भोंग्याचा डोमा. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागल्या, पुढं धान खळ्यावरून घरात आलं, लग्नं निघाली, की डोमाची बैलबंडी रस्त्याला लागायची. बंडीत तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, तणसावर गोधडी, आणि गोधडीत गुंडाळलेलं भोंग्याचं मशीन. बाळंतिणीला माहेरून आणावं तसं तो ते मशीन आणायचा. खड्डा आला की बैलांच्या आधी डोमाच्याच तोंडून "हळू, हळू" निघायचं.

सत्तर सालाच्या आगेमागे त्यानं ते भंडाऱ्याहून जुनंच विकत आणलं होतं. आत काचेचे वॉल्व्ह होते. ते लाल व्हायला वेळ लागे, आणि ते लाल होईपर्यंत डोमा माईकला हात लावत नसे. लोक खोळंबले तरी खोळंबू द्यायचा. मग उदबत्ती ओवाळायची, घसा साफ करायचा आणि म्हणायचं, "हालोऽऽ". ते 'हालो' लांबलचक असे, तिन्हीसांजेला रानातल्या म्हशीला हाक मारावी तसं. ते ऐकलं की आसपासच्या गावांत बाया चुलीवरचं भराभर उतरवत. डोमा बोलला म्हणजे कार्यक्रम सुरू झाला.

कोणत्या गावात कोणत्या मोहाच्या झाडावर, कोणत्या फांदीला भोंगा बांधायचा, हे त्याला पाठ होतं. लग्नात एक भोंगा व्याह्याच्या गावाकडे तोंड करून बांधायचा, नाहीतर व्याही रुसतो, हा रिवाजही त्यानंच पाडला होता. शिकवणारा कोणी नव्हता. भाजत, चटके खात, विजेचे झटके सोसत तो शिकला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. अभिमान जरा जास्तच होता, असं त्याची बायको वच्छला म्हणायची. पण हळू म्हणायची.

वर्षभरातल्या सगळ्या कामांत त्याचं खरं काम एकच, दिघोरीचा शंकरपट. माघ महिन्यात बैलजोड्यांची ती शर्यत व्हायची. नदीपल्याडच्या कोंढ्यापासून जोड्या यायच्या. पट तलावाच्या या बाजूला आणि बैल बांधायची मोहराई, म्हणजे मोहाची राई, तलावाच्या त्या बाजूला, पाळीच्या म्हणजे बांधाच्या पलीकडे. जोड्या हाकणारे धुरकरी तिथं सावलीत बैल बांधून बसत. पाळी आली की भोंग्यावरून जोडीच्या मालकाचं नाव पुकारलं जाई. तीनदा पुकारायचं, तिसऱ्या हाकेनंतरही जोडी आली नाही तर ती बाद. वर्षभर तूप पाजलेली, लेकरासारखी जपलेली जोडी एक हाक ऐकू न आल्यामुळे बाद होऊ शकते, हे डोमा जाणून होता. म्हणून पटाचा भोंगा बांधताना तो कोणाशी बोलत नसे.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पवनीच्या टेकचंदनं नवं मशीन घेतलं. टेकचंदचं पवनीत सायकलचं दुकान होतं आणि भोंगा हा त्याचा दुसरा धंदा. नव्या मशीनला एक बटन होतं. ते दाबलं की बोललेला शब्द मागून पुन्हा पुन्हा येई. "वधूवरांना" म्हटलं की "वरांना, वरांना" असं भुतासारखं घुमे. लोकांना त्याचं वेड लागलं. वैनगंगेतून डोंग्यावर, म्हणजे लहान नावेवर, मशीन घालून टेकचंद या काठालाही लग्नं करू लागला.

एका सकाळी पटाच्या पंचांचे मुख्य गोमाजी पाटील डोमाच्या अंगणात येऊन बाजेवर टेकले. चहा झाला, पान झालं, तरी पाटील उठेनात.

"बोला न पाटील," डोमा म्हणाला. "पोटात काय ठेवलं?"

"पंच म्हणून राहिले, औंदा टेकचंदले बोलवा."

डोमाच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"मी म्हटलं, डोमा गावचा हाये. औंदा तोच करन. पण मागच्या पटाले तुह्या भोंग्यात खरखर होती गा. मोहराईतले लोक म्हणे, नाव कोणाचं पुकारलं ते समजत नोयतं. औंदा हाक साफ गेली त पट तुहा. नाई गेली त पुढच्या सालापासून टेकचंदचा. मंग मले बोल नोको लावू."

पाटील गेले. डोमाचा दुसरा चहा कपातच थंड झाला, त्यावर साय धरली. लग्नं टेकचंदनं नेली असती तर डोमा हसला असता. पण पट गेला म्हणजे दिघोरीत नुसता डोमा कोण, हे लोकांना विचारावं लागलं असतं.

अशा वेळी माणसाच्या दारात जो येतो, तो देवच वाटतो. डोमाच्या दारात मोटारसायकल आली.

मोटारसायकलवरून उतरला तो सफारी घातलेला, केसांना तेल लावलेला नागपूरचा एक विक्रेता. गावोगावच्या भोंगेवाल्यांची नावं विचारत तो फिरत होता. त्यानं पेटी उघडली. आत लाल मखमल आणि मखमलीवर सोन्याच्या रंगाची तार, वेटोळं घालून बसलेली. तारेवर वितावितावर छोटे लाल बाण छापलेले होते, सगळे एकाच दिशेनं जाणारे.

"भाईसाहब," तो म्हणाला, "आप की मशीन हीरा है. मगर तार? तार तो कचरा है. तांबे की नसें होती हैं, नसें. आवाज़ उन में एक ही तरफ बहती है. आप की तार में आधी आवाज़ उलटी लौट जाती है, इसी लिए खरखर. इस में देखिए, बाण. बाण की तरफ आवाज़ बहेगी, जैसे नहर में पानी."

'जैसे नहर में पानी' हे शब्द डोमाच्या मनात रुजले. आयुष्यभर त्यानं धानाला पाणी दिलं होतं. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी कसं उतरतं, मध्ये खेकड्यानं बीळ केलं की ते कसं गळतं, हे त्याला डोळे मिटून दिसत होतं. आपल्या जुन्या तारेत आवाज असाच कुठंतरी गळत असणार.

विक्रेत्यानं जुन्या तारेवर गाण्याचा एक तवा, म्हणजे रेकॉर्ड, वाजवला. मग तार बदलली, खिशातून रेशमी रुमाल काढून मशीनवरची धूळ मोठ्या मायेनं पुसली आणि तोच तवा पुन्हा लावला. अंगण भरून गेलं. शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

"सुना?" विक्रेता म्हणाला. "आवाज़ खुल गई."

"खुलली न जी!" डोमा म्हणाला. 

"और अभी तो तार कच्ची है. पंद्रह दिन बजाइए, तब पकेगी."

त्या तारेची किंमत सांगितली तेव्हा कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. तेवढ्यात दोन नवे भोंगे आले असते आणि वर बैलांना झुली. डोमानं धान विकून आलेले पैसे आतून आणले. विक्रेता धूळ उडवत गेला. वच्छला दारात उभी होती.

"अजी, त्यानं बटन फिरवलं."

"कोणतं बटन?"

"रुमालानं पुसता पुसता. मोठ्या आवाजाचं बटन. म्या डोयानं पाह्यलं."

"तुले काय समजते वो त्यातलं? तो धूळ पुसून राहिला होता."

"धूळ त म्याच सकाळी पुसली होती," वच्छला म्हणाली आणि आत गेली.

मग तार पिकवणं सुरू झालं. डोमा दिवसभर तवे वाजवायचा. भिंतीपलीकडच्या सुमनबाई आधी हौसेनं ऐकत. मग त्यांनी दाराला कडी लावली. मग एक दिवस कुडावरून डोकावून विचारलं, "वच्छलाबाई, पिकली का वो तार? का अजून तणसात दाबून ठेवा लागन?"

डोमाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात पाणी वाहत होतं. विक्रेत्यानं बाण सांगितला होता, पण बाणाच्याही पुढचं डोमाला सुचलं होतं. पाणी पाटातून वाहतं ते उतारामुळे. पाट कितीही सरळ खणला आणि चढावर नेला, तर पाणी चढेल का? आजवर आपण मशीन जमिनीवर ठेवलं आणि भोंगे झाडावर चढवले. म्हणजे आवाजाला सगळा चढच चढ. बिचारा दमून वर पोचत होता, खरखर नाही करणार तर काय करणार? एवढी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आली नाही, याचं त्याला नवल वाटलं. आणि ती आपल्या ध्यानात आली, याचं अजिबात वाटलं नाही.

पटाच्या सकाळी दिघोरीच्या लोकांनी जे पाहिलं, ते पुढं कित्येक वर्षं सांगितलं. शेतात रात्री जागलीला बसायला करतात तसा उंच माळा डोमानं पटाच्या कडेला उभा केला होता. वर, माळ्यावर, मशीन. मशीनजवळ डोक्याला फेटा बांधून डोमा. तिथून सोन्याची तार बाण खाली करून उतरली होती आणि खाली गुडघाभर खुंटांना दोन भोंगे बांधले होते, दावणीला वासरं बांधावीत तसे.

"डोमा," गोमाजी पाटलांनी खालून विचारलं, "भोंगे कायले खाली बांधले गा?"

"उतार दिला पाटील, उतार! पाहा आता आवाज कसा धो धो येते."

पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला. माघात घाम यायचं कारण नव्हतं.

टेकचंदही आला होता. पान चघळत, दोन्ही हात पाठीमागं बांधून तो माळ्याभोवती फिरला. लाल बाणांकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. तो काही बोलला नाही, आणि ते डोमाला चांगलं लक्षण वाटलं.

डोमानं उदबत्ती ओवाळली. "हालोऽऽ" म्हटलं.

आवाज खरंच मोठा होता. भोंग्यासमोर चणे-मुरमुरे विकणारी तुळसा टोपलीसकट मागं सरकली. पहिली जोडी सुटायच्या जागी उभी होती. कानाशीच एवढा आवाज गरजल्यावर तिनं शेपट्या उभ्या केल्या आणि पटाच्या वाटेनं जायचं सोडून थेट ऊस विकणाऱ्यांकडे निघाली. माणसं फाकली. कोणाला लागलं नाही, पण बरेचसे ऊस बैलांच्या पोटात गेले. लोक हसले. डोमाही हसला, सुरुवातीला असं होतंच, असं त्यानं माईकवरच सांगून टाकलं.

मग त्यानं पुकारलं, "कोंढ्याचे भैय्याजी! तुमची पाळी आली. जोडी घेऊन या!"

कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. गर्दीच्या पाठींनी, बंड्यांच्या चाकांनी, तलावाच्या पाळीनं ती हाक गिळून टाकली. पंचांनी जोडी बाद केली आणि जवळच उभी होती ती पुढची सोडली.

थोड्या वेळानं भैय्याजी स्वतः पाळीवरून उतरत आले. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, हातात बैल हाकायची तुतारी. पटात त्यांच्या पाखऱ्या-चितऱ्या या बैलांना तोड नव्हती.

"माही पाळी कवा हाये गा?" त्यांनी विचारलं.

"तुमची झाली न," कोणीतरी म्हणालं. "तीनदा पुकारलं."

भैय्याजींनी मान वर केली. मग माळ्याकडे पाहून म्हणाले, "डोमा, मी नदी उतरून आलो बाप्पा. दोन दिवस बैल चालवत आणले. तू मले हाक त माराची होती!"

भैय्याजी ओरडले असते तर डोमाला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. तो माळ्यावरून खाली उतरला. गोमाजी पाटलांनी पंचांशी कुजबुज केली आणि येऊन म्हणाले, "भैय्याजीची जोडी शेवटी परत पुकारू. चूक गावाची हाये, त्यायची नाई. पण डोमा, ते हाक जर गेली नाई, त आजच सांगून ठेवतो."

पुढचं सांगायची गरज नव्हती. टेकचंद तिथंच उभा होता.

भैय्याजी परत आपल्या बैलांकडे मोहराईत गेले. डोमा माळ्याच्या खांबाला धरून उभा राहिला. तार बरोबर होती, बाण बरोबर होता, उतार बरोबर होता. मग आवाज गेला कुठं? बायांच्या बाजूनं वच्छला उठून आली. पदर सावरला आणि इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "अजी, एक विचारू का?"

"विचार."

"पाणी उतारानं जाते, ते खरं हाये. पण कोंबडा काहून कुडावर चढून आरवते?"

डोमानं तिच्याकडे पाहिलं. मग खुंटाला बांधलेल्या भोंग्यांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात चण्याची फोलपटं जाऊन बसली होती.

त्यानं ती फोलपटं झटकून काढली. भोंगे सोडले, खांद्यावर घेतले आणि स्वतः मोहाच्या झाडावर चढला, नेहमीच्या फांदीवर. एक भोंगा पाळीकडे, एक गावाकडे. मशीन खाली आणलं. आता तारेचे सगळे बाण आभाळाकडे चढत होते. त्यानं पुढच्या जोडीला पुकारलं. नाव पुरं व्हायच्या आतच पाळीपलीकडून कोणीतरी "आलो होऽऽ" म्हणून ओ दिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग जो तो बोलू लागला.

"वा रे तार!"

"सोन्याची हाये म्हणते, सोन्याची!"

"बाण वर केला पाहिजे होता, आता समजलं!"

"तारेनं राखली बाप्पा डोमाची!"

गोमाजी पाटील डोमाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चांगली वस्तू आणली गा. पैसा वसूल झाला."

डोमाचा पट राखला गेला होता. हसून गप्प बसायचं होतं, एवढंच. पण त्याला हसू येईना. इतकी वर्षं तो या झाडावर चढला. गुडघे सोलले, लाल मुंग्या चावल्या, वारा कुठून येतो ते पाहून भोंग्याचं तोंड बोटबोट फिरवलं. कोणी कधी 'वा रे डोमा' म्हटलं नाही. आणि ही काल आलेली, मखमलीत झोपणारी तार! तिचंच नाव व्हावं? 

"थांबा," तो म्हणाला.

त्यानं मशीन बंद केलं. बंडीतल्या तणसातून जुनी तार ओढून काढली. ठिकठिकाणी जोडलेली, चिंध्या गुंडाळलेली, काळी पडलेली. पुन्हा झाडावर चढला, सोन्याची तार सोडून खाली टाकली आणि जुनी जोडू लागला.

"डोमा!" पाटील खालून ओरडले. "भांग पेला काय गा? चालू हाये ते कायले काढून राहिला? आता भैय्याजीची पाळी हाये!"

"त्यायचीच हाक जाईन," डोमा फांदीवरून म्हणाला. "याच तारेनं जाईन."

"अन् नाई गेली त?"

"त टेकचंद इथंच हाये."

टेकचंदनं पानाची पिंक टाकली आणि सावलीतून उन्हात आला.

जोडताना डोमाला दिसलं की जुन्या तारेचा एक सांधा पार सैल झाला आहे, वाऱ्यानं हलतो आहे. मागच्या पटातली खरखर तिथंच बसली होती. त्यानं दातांनी तारेची टोकं सोलली, पीळ दिला, फेट्याची किनार फाडून गुंडाळली. खाली उतरला. वॉल्व्ह लाल होईपर्यंत थांबला. पंच चुळबुळले, तरी थांबला. वारा तलावाकडून येत होता, हाकेच्या तोंडावर.

"हालोऽऽ. कोंढ्याचे भैय्याजी. पाखऱ्या-चितऱ्याची जोडी घेऊन या."

पाळीवर कोणी दिसलं नाही. एक बगळा उठला आणि पाण्यावर बसला.

दुसरी हाक दिली. आता लोकांच्याही बोलण्याचा आवाज थांबला होता. वच्छलानं तुळसाचा हात धरला होता. तुळसा म्हणाली, "माय वो, माहा हात मोडशील." डोमानं तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला, कारण पाळीमागून घुंगरांचा आवाज येत होता.

आधी शिंगांना बांधलेले लाल गोंडे दिसले, मग शिंगं, मग पाखऱ्या आणि चितऱ्या, आणि त्यांच्यामागं धोतराचा काष्टा खोचलेले भैय्याजी.

"पयल्याच हाकेले निंगालो गा!" ते लांबूनच ओरडले. "चितऱ्या पाणी पिऊन राहिला होता, त्याले कसा ओढू?"

जोडी सुटली आणि वाऱ्यासारखी गेली. त्या सालचा पट भैय्याजींनीच मारला. पण दिघोरीकर तिकडं फार पाहत नव्हते. ते झाडाकडे पाहत होते.

गोमाजी पाटील डोमाजवळ आले. मिशी ओढत त्यांनी विचारलं, "म्हणजे तारेत काई नोयतं?"

"काई नोयतं."

"मंग घेतली कायले?"

"मले वाटलं आवाज पाण्यासारखा रायते," डोमा म्हणाला. जवळच्यांनी ऐकलं आणि हसू फुटलं. डोमा ताठ उभा राहिला आणि त्यानं ते हसू अंगावर घेतलं. ते ओसरल्यावर पाटील म्हणाले, "हसा, पण एक सांगतो. भैय्याजीची हाक पोचली. पुढच्या साली डोमाच बसन." पंचांनीही माना हलवून होकार दिला.

बंड्या जुंपायच्या वेळी टेकचंद हळूच आला.

"डोमाभाऊ, ते तार इकता का?"

"आता पाह्यलं न तुमी? काई नाई तिच्यात."

"तुमच्या मशीनले लागू झाली नसन. माह्या मशीनले होईन. अन् झाली नाई, तरी लोकायले दिसते न!"

"मंग घेऊन जा फुकट."

टेकचंदनं हात मागं घेतला. "फुकट नोको. फुकटची वस्तू गिऱ्हाइकाले खरी वाटत नाई. काईतरी मांगा."

डोमानं त्याच्या बंडीकडे पाहिलं. भोंगा चढवायला टेकचंदनं पवनीहून आणलेला एक बांबू तिथं होता, सरळ, जाड, पोलादासारखा कसदार. असा बांबू जंगलातही शोधून मिळत नाही.

"हा बांबू द्या."

"एवढाच?" टेकचंदला हसू आवरेना. तारेचं वेटोळं काखेत मारून तो झपाझप निघाला, डोमाचा विचार बदलायच्या आत.

पुढं पवनीत त्याच्या दुकानावर पाटी लागली, 'सोन्याच्या बाणतारेचा आवाज', आणि खरंच त्याला लग्नं मिळाली. कोणी डोमाला त्याबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, "चांगला माणूस हाये. सौद्यात कच्चा हाये." आणि ब्याऐंशी सालच्या पटाला त्यानं मोहाच्या शेंड्याला तो बांबू बांधून भोंगा इतका उंच चढवला, की हाक मोहराई ओलांडून पलीकडच्या गावात गेली. तिथला एक म्हातारा आपलंच नाव पुकारलं असं समजून नांगराचे बैल घेऊन पटात आला. पंचांनी त्यालाही एकदा धावू दिलं.